पट्ट्या दिसल्या, बाण कुठे आहेत? गँटप्रोजेक्ट आणि आमच्या सोसायटीचा पुनर्विकास

बांधकामाच्या वेळापत्रकाची आलेली फाइल उघडेना, तिथून हे सगळं सुरू झालं आणि गँटप्रोजेक्ट नावाच्या प्रोग्रॅमपाशी येऊन थांबलं.

कर्वेनगरात आमची ३६ बिऱ्हाडांची सोसायटी. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे. पुनर्विकासाचा करार झाला, २०२५ च्या मे अखेर घरं रिकामी करायची ठरलं. त्याआधीच्या सभेत सगळ्यांनी एकच लावून धरलं: कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते कागदावर दाखवा. मागणी रास्त होती. बिल्डरने ती पीएमसीकडे टोलवली. पुण्यात पीएमसी म्हटलं की माणूस आधी महापालिकेत पोचतो, म्हणून सांगतो: इथे पीएमसी म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९ (अ) खालच्या सरकारी निर्देशांप्रमाणे तो नेमावा लागतो. त्याच्याकडून दोन दिवसांत ईमेल आला. 'वेळापत्रक सोबत जोडले आहे.' जोडलेल्या फाइलचं शेपूट होतं एमपीपी.

मोबाइलवर उघडेना. चेअरमनच्या कॉम्प्युटरवर उघडेना. आमच्याच एका उत्साही सभासदाने ती नोटपॅडमध्ये उघडली आणि चौकोन-चौकोन, प्रश्नचिन्हं असलेला फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'सेक्रेटरी, हे काय आहे?' सेक्रेटरी म्हणजे मी.

एमपीपी ही मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची फाइल. वर्ड-एक्सेलच्या नेहमीच्या संचात ते सॉफ्टवेअर येत नाही, वेगळं विकत घ्यावं लागतं. एका फाइलपायी सोसायटीच्या खात्यातून ते कोण घेणार? म्हटलं, पीडीएफ पाठवा. आली. अकरा पानं, ए-फोर. कामांची नावं पहिल्या चार पानांवर आणि त्यांच्या पट्ट्या पाचव्यापासून पुढे. पान दोनवरची तेविसावी ओळ आणि पान आठवरची तेविसावी पट्टी एकमेकांशेजारी धरायची, म्हणजे 'किचन ओटा, चौथा मजला' कधी ते कळणार. ओळी एकूण १८७.

आता माझी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर मी या फंदात का पडलो ते समजायचं नाही. मी सरकारी खात्यात आरेखक होतो, बत्तीस वर्षं. गँट चार्ट (दर कामाला तारखांखाली पसरलेली एक आडवी पट्टी) हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, आम्ही बार चार्ट म्हणायचो. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, रॉटरिंगचं पेन, आणि मग अमोनिया प्रिंट. त्या मशीनच्या खोलीत गेलं की डोळ्यांतून पाणी. काम लांबलं की साहेब म्हणायचे, "बार जरा वाढव." की आम्ही ब्लेडने ट्रेसिंग पेपर हलकेच खरवडून शाई काढायचो आणि पट्टी दोन खणांनी पुढे न्यायचो. जास्त खरवडलं तर कागदाला भोक. काही चार्टांवर इतकी भोकं पडलेली असत की त्यावरून कामाची प्रगती समजावी. हेन्री गँट नावाचा अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर (१८६१ ते १९१९) या पट्ट्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने तसलीच आकृती १८९६ मध्ये काढली होती, पण नाव गँटचं लागलं. हे मला निवृत्तीनंतर कळलं. नोकरीत असताना पट्टी कोणाच्या नावाची हे विचारायला वेळ कुठे होता.

तर पट्ट्या मला वाचता येतात, काढताही येतात. अडचण एवढीच, की १८७ ओळी हाताने परत काढायची ताकद आता मनगटात नाही.

पहिला प्रयत्न एक्सेलमध्ये केला. रीत जुनीच आहे: सुरुवातीची तारीख आणि दिवसांची संख्या असे दोन स्तंभ घ्यायचे, स्टॅक्ड बार चार्ट काढायचा, आणि तारखेच्या पट्टीचा रंग काढून टाकायचा. ती अदृश्य होते, उरलेली पट्टी हवेत तरंगते, झाला गँट चार्ट. मग यादी उलटी आलेली असते, ओसी (म्हणजे शेवटचं भोगवटा प्रमाणपत्र) वर आणि खोदकाम खाली, ती सुलटी करायची. मग आडवा अक्ष १९०० सालापासून सुरू होतो, तिथे आपली सुरुवातीची तारीख द्यायची, तीही एक्सेलच्या हिशेबातल्या आकड्यात. १ जून २०२५ म्हणजे ४५८०९. हा आकडा मला आता आमच्या पिनकोडइतका पाठ आहे. वीस ओळींसाठी हे छान आहे आणि एकदा हाताने करून बघावंच, कारण पट्टी म्हणजे नक्की काय ते कळतं. १८७ ओळींना मात्र ती नुसती खिचडी दिसते. शिवाय एक काम दुसऱ्यावर अवलंबून आहे हे त्यात कुठेच नसतं. ते पुढे महत्त्वाचं ठरलं.

मधे एका ऑनलाइन सेवेवर फाइल चढवून पाहिली. फाइल चढली, चक्र फिरलं, चार्ट अर्धा दिसला आणि उरलेला पाहण्यासाठी क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला. तो टॅब बंद केला.

शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, गँटप्रोजेक्ट टाकून बघा ना. फुकट आहे, आणि एमपीपी आत घेतो." ती हिंजवडीला असते, दिवसभर असल्याच पट्ट्यांत.

गँटप्रोजेक्ट हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे, जीपीएल परवान्याचा. २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका विद्यापीठात सुरू झाला. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. जावात लिहिलेला असल्यामुळे उघडायला जरा आळस करतो, माझ्या लॅपटॉपवर चहाचा एक घोट होईपर्यंत. दिसायला साधा: डावीकडे कामांची यादी, उजवीकडे पट्ट्या, वर महिने. दुसऱ्या टॅबमध्ये माणसं आणि त्यांच्यावरचा भार. एवढंच. ज्याने टी-स्क्वेअर धरलाय त्याला पंधरा मिनिटांत समजतो.

एमपीपी आत घेणं हे त्याचं सगळ्यात उत्तम अंग, आणि त्याबद्दल मी पैकीच्या पैकी गुण देतो. प्रोजेक्ट मेनूत इम्पोर्ट, त्यात मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, फाइल दाखवायची, पुढे, पुढे, झालं. आतल्या आत हे काम एमपीएक्सजे नावाची एक मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) करते असं सून म्हणाली. मला पडद्यावर १८७ ओळी दिसल्या, मूळच्या उतरंडीसकट: 'पाया' खाली पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) आणि राफ्ट (त्यावरचा पायाचा अखंड स्लॅब); 'सांगाडा' खाली मजल्यामजल्याचे कॉलम आणि स्लॅब. पुन्हा एक अक्षर टंकावं लागलं नाही.

आणि मग ते छोटे त्रिकोण. प्रत्येक मोठ्या कामाच्या डावीकडे एक असतो, त्यावर टिचकी मारली की पोटातली कामं मिटतात. मी एकेक करत सगळी मिटवली. १८७ च्या १४ ओळी झाल्या. घरं रिकामी, पाडकाम, खोदकाम, पाया, तळघर, प्लिंथ, सांगाडा, वीटकाम, गिलावा, प्लंबिंग-वायरिंग, फरशी, लिफ्ट, रंग, ओसी. चौदा पट्ट्या, एका पडद्यावर, जून २०२५ ते नोव्हेंबर २०२७. मला एकदम जुना ड्रॉइंग हॉल आठवला. सभासदांना जे हवं होतं ते हेच होतं, आणि ते त्या अकरा पानांत पहिल्यापासून होतं, फक्त दिसत नव्हतं.

पट्टीच्या शेजारी कामाचं नाव किंवा तारीख छापायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती जरूर लावा. नाहीतर प्रोजेक्टरवर मागच्या रांगेतला माणूस यादीतून पट्टीपर्यंत डोळे नेता नेता ओळ चुकतो. पट्ट्यांचे रंगही बदलता येतात. पाया मातकट, सांगाडा राखाडी, ओसी हिरवी असं मी केलं. चेअरमन म्हणाले, आता कसं, रांगोळीसारखं दिसतंय.

एप्रिलमधली सभा पार्किंगमध्ये झाली. पहिल्या मजल्यावरून टीव्ही खाली आणला, एक्स्टेन्शन बोर्ड दोन जोडले, लॅपटॉप लावला. पहिल्या पाच मिनिटांतच फायदा दिसला. खोदकामाची पट्टी २ जूनपासून १४ ऑगस्टपर्यंत होती. यादीत ती तारीख सगळ्यांनी वाचली होती, कोणी काही बोललं नव्हतं. पट्टी जून-जुलैच्या खाली आडवी पसरलेली दिसल्यावर तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ऐन पावसाळ्यात खड्डा खणणार? पोहायला?" पार्किंगमध्ये हशा. पीएमसीचा तरुण इंजिनिअर हजर होता, तो पंपिंग वगैरे सांगू लागला.

मग मला खोड सुचली. पट्ट्यांमध्ये बाण फारच थोडे दिसत होते. बाण म्हणजे 'हे संपल्याशिवाय ते सुरू नाही' हे सांगणारी रेघ. आम्ही हाताने काढायचो तेव्हा बाण नसायचे, ते डोक्यात असायचे. पण कॉम्प्युटरच्या डोक्यात ते घातल्याशिवाय नसतात. मी सगळे त्रिकोण उघडले आणि मोजले. १८७ कामांत बाण नऊ.

"एक गंमत करू का?" असं म्हणून मी राफ्टच्या कामावर डबल-क्लिक केलं आणि सुरुवात १८ ऑगस्टच्या जागी १८ सप्टेंबर केली. म्हणजे पाया एक महिना लांबला. राफ्टची पट्टी सरकली. त्याच्या वरची 'पाया' ही काळी पट्टी तेवढी लांब झाली. आणि बाकी सगळं जागच्या जागी. तळघराचं छत तिथेच. प्लिंथ तिथेच. पाचव्या मजल्याचा स्लॅब आपल्या तारखेवर निवांत बसलेला, जणू खाली पाया असला काय नसला काय. ओसी ३० नोव्हेंबर २०२७, तसूभरही हललेली नाही.

पार्किंगमध्ये दोन क्षण शांतता. मग मागून आवाज आला, "म्हणजे हा कागद रंगवलेलाच आहे की!"

रंगवलेलाच होता. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक ओळीत सुरुवातीची तारीख हाताने टंकली, तर ते काम 'या तारखेच्या आधी सुरू होणार नाही' अशा खुंटीला बांधलं जातं. बाण नसेल तर आधीचं काम किती का लांबेना, हे काम त्या खुंटीपाशीच उभं राहतं. प्रोग्रॅमने जे आत आलं ते प्रामाणिकपणे दाखवलं. मी क्रिटिकल पाथचं बटणही दाबलं. शेवटची तारीख ज्या कामांवर अवलंबून आहे ती कामं उठून दिसायला हवीत. उठून दिसली फक्त ओसी. म्हणजे या वेळापत्रकाच्या मते अडीच वर्षांत काळजी करण्यासारखं काम एकच, शेवटचे पंधरा दिवस.

मी तो बदल परत फिरवला. पीएमसीच्या मुलाचा चेहरा उतरला होता, पण त्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं: अशी वेळापत्रकं मीही काढली आहेत. साहेबांना शेवटची तारीख आधी ठाऊक असते, आरेखकाने मधल्या पट्ट्या बसवायच्या. फरक एवढाच, की ट्रेसिंग पेपरवरचा राफ्ट सरकवून कोणी पाहू शकत नव्हतं.

ठराव झाला: कामांची एकमेकांशी सांगड घालून सुधारित वेळापत्रक द्यावं. तीन आठवड्यांनी ते आलं. या वेळी एक्सेलमध्ये. ('सोपं पडावं म्हणून.') आणि इथे माझ्या परीक्षणाचा कमी गोड भाग सुरू होतो.

एक्सेलची यादी मी गँटप्रोजेक्टमध्ये सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी खण वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलीच्या) वाटेने आत घेतली. पण ती वाट एमपीपीसारखी डांबरी नाही, पाणंद आहे. स्तंभांची नावं त्याला त्याच्याच शब्दांत हवीत: नेम, बिगिन डेट, एंड डेट किंवा ड्युरेशन, प्रिडिसेसर्स (आधीची कामं, म्हणजेच बाण), आउटलाइन नंबर असं. तुमच्या फाइलीत 'ॲक्टिव्हिटी' किंवा 'कामाचे वर्णन' असेल तर तो ओळखत नाही, त्याने ओळखावं अशी अपेक्षाही नाही. आउटलाइन नंबर म्हणजे १, १.१, १.१.२ असे आकडे. ते दिले की उतरंड तयार होते, नाही दिले की सगळी कामं एका पातळीवर सपाट, आणि मग मिटवायला त्रिकोणच नाहीत. कामांची यादी संपली की एक ओळ मोकळी आणि त्याखाली माणसांची यादी, असा त्या फाइलीचा साचा आहे. त्यामुळे मधे मोकळी ओळ म्हणजे 'इथे कामं संपली' असा अर्थ होतो. आमच्या एक्सेलमध्ये प्रत्येक मजल्यानंतर शोभेची एक मोकळी ओळ सोडलेली. त्या सगळ्या आधी काढल्या.

यावर माझा उपाय सांगतो, तो वापरलात तर अर्धा दिवस वाचेल. आधी प्रोग्रॅममध्ये हाताने चार कामं टाका, दोन बाण जोडा, एक काम दुसऱ्याच्या पोटात घाला. मग ते सीएसव्ही म्हणून बाहेर काढा आणि एक्सेलमध्ये उघडून बघा. स्तंभांची नावं कशी आहेत, तारीख कशी लिहिली आहे, बाण कसे लिहिले आहेत, सगळं समोर दिसतं. त्याच साच्यात आपली यादी ओता. आम्ही नव्या शीटवर जुन्या शीटचा टायटल ब्लॉक ट्रेस करायचो, तसंच.

तारखांनी मात्र मला रडवलं. दोष प्रोग्रॅमचा नाही, माझ्या लॅपटॉपचा. तो मुलाने अमेरिकेहून आणलेला, आणि त्याची रीजन सेटिंग अजून तिकडचीच. तिथे महिना आधी, दिवस नंतर. पीएमसीच्या फाइलीतल्या तारखा आपल्या रीतीने लिहिलेल्या. तळघराचं छत पूर्ण व्हायची तारीख ०७/११/२०२५, म्हणजे ७ नोव्हेंबर. सीएसव्ही उघडताना माझ्या एक्सेलने वाचली ११ जुलै. खड्डा खणून व्हायच्या महिनाभर आधी त्यावर छत! आणि १४/०८ सारख्या तारखांचं काय? चौदावा महिना अमेरिकेतही नसतो, म्हणून त्यांना तो तारीखच मानेना, नुसता मजकूर म्हणून तशाच सोडून दिल्या. म्हणजे निम्म्या तारखा उलटलेल्या आणि निम्म्या न वाचलेल्या, आणि यादीकडे नुसतं बघून काही कळत नाही, सगळ्या तारखांसारख्याच दिसतात.

ओळखायची खूण एकच, ती मला बऱ्याच उशिरा दिसली: एक्सेलमध्ये खरी तारीख खणाच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या कडेला. स्तंभावरून वरून खाली नजर फिरवली तर काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे, दात पडलेल्या कंगव्यासारखा स्तंभ. असा दिसला की थांबायचं, विंडोजची रीजन सेटिंग इंडिया करायची, आणि मूळ फाइल पुन्हा उघडून सुरुवातीपासून. मधल्या मधे दुरुस्त करत बसू नका. मी बसलो होतो, एक अख्खा रविवार गेला.

मराठी नावांचंही असंच. 'गिलावा', 'फरशी' अशी नावं मी मुद्दाम मराठीत केली होती, काकूंना 'इंटरनल प्लास्टर' कशाला वाचायला लावायचं? साधं सीएसव्ही म्हणून साठवलं तर सगळ्याची प्रश्नचिन्हं झाली. 'सेव्ह ॲज'मध्ये त्याच यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा. मग गिलावा गिलावाच राहतो.

आणखी एक खड्डा: शनिवार. नवा प्रोजेक्ट करताना प्रोग्रॅम आठवड्याच्या सुट्ट्या विचारतो आणि शनिवार-रविवार आधीच खूण करून ठेवलेले असतात. आपल्याकडे साइटवर शनिवारची सुट्टी कोण देतो? सोमवारी सुरू झालेलं बारा दिवसांचं काम सहा दिवसांच्या आठवड्यात दुसऱ्या शनिवारी संपतं. शनिवार सुट्टी धरली की तेच तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी. एका कामात फरक चिमूटभर, पण बाणांनी जोडलेल्या दीडशे कामांत तो साठत जातो. माझ्या पहिल्या खेपेला ओसी थेट २०२८ च्या जुलैत गेली, आणि मी पीएमसीला फोन करून जरा चढ्या आवाजात बोललो. मग शनिवार दिसला. परत फोन करून माफी मागितली. गणपती, दिवाळी, होळीला मजूर गावी जातात ते दिवस, हे सगळं मी मग कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून टाकलं.

एवढं झाल्यावर यादी आत आली आणि पडदा बाणांनी भरून गेला. मी आधी राफ्टच सरकवला. अख्खी इमारत सरकली. प्लिंथ, कॉलम, सातही स्लॅब, गिलावा, लिफ्ट, सगळं एकामागोमाग, आगगाडीच्या डब्यांसारखं. मी एकटाच टेबलाशी बसून दोनतीनदा राफ्ट पुढे-मागे केला. बायको म्हणाली, खेळ झाला असेल तर जेवायला या.

काय नाही या प्रोग्रॅममध्ये? तास नाहीत. सगळ्यात लहान माप एक दिवस. दुकानाचं इंटिरियर किंवा लग्नाच्या दिवसाचं नियोजन अर्ध्या-अर्ध्या तासात मांडायचं असेल तर हा तुमच्या कामाचा नाही. इमारतीला दिवस पुरतो. पैशाचा हिशेब जुजबी आहे, बिलं वगैरे यात बघू नयेत. मोबाइलवर चालत नाही, म्हणून सभासदांना चित्रच पाठवावं लागतं. पीएनजी आणि पीडीएफ दोन्ही निघतात, किती तारखेपासून किती तारखेपर्यंतचा भाग हवा तेही सांगता येतं. मी पीएनजी काढतो, व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून टाकतो (फोटो म्हणून टाकलं की अक्षरं पुसट होतात) आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री रंगीत प्रिंट घेतो. मोठी कामं मिटवलेली ठेवून मगच काढा, जे पडद्यावर मिटलेलं तेच कागदावर मिटलेलं येतं.

बेसलाइन नावाची सोय आहे तिचं मला विशेष कौतुक. आजचं वेळापत्रक गोठवून ठेवायचं. पुढे तारखा बदलल्या की जुनी पट्टी नव्या पट्टीच्या खाली बारीक दिसत राहते. आमच्या वेळी जुनी पट्टी ब्लेडने खरवडली की पुरावा संपला. इथे पुरावा राहतो. करारात उशीर झाला तर वाढीव भाड्याचं कलम आहे, त्यामुळे या बारीक पट्टीला सोसायटीच्या दृष्टीने वजन आहे. आणि त्याची स्वतःची फाइल (शेपूट 'गॅन') साध्या एक्सएमएलमध्ये असते. नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोन नाहीत, वाचता येतं. उद्या प्रोग्रॅम बंद पडला तरी आपला मजकूर आपल्या हातात.

प्रोजेक्टलिब्रेही टाकून पाहिला. तोही फुकट, तोही एमपीपी उघडतो, आणि दिसायला मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या जवळचा. ज्याने नोकरीत ते वापरलंय त्याला तोच बरा वाटेल. मला स्तंभांची गर्दी झेपली नाही. सोसायटीच्या कमिटीला, शाळेच्या बांधकाम समितीला, छोट्या कंत्राटदाराला मी गँटप्रोजेक्टच सांगेन. एमपीपी मिळत असेल तर डोळे झाकून. एक्सेल मिळत असेल तर एक रविवार हाताशी ठेवून.

राहता राहिला नोटीस बोर्ड. पहिला ए-थ्री आम्ही एप्रिलमध्ये लावला होता, नऊ बाणांचा. घरं रिकामी करेपर्यंत तो तिथेच होता आणि लोकांनी त्यावर आपापल्या खुणा केल्या. कोणी पेन्सिलने उभी रेघ मारून 'बारावी' लिहिलं, कोणी 'रिटायर'. काकूंनी ओसीच्या हिरव्या पट्टीच्या उजवीकडे दोन बोटांवर, जानेवारी २०२८ च्या खाली, एक फुली केली होती आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'यांचं सहस्रचंद्रदर्शन'. काकांचं ते नव्या घरातच करायचं असं त्यांनी ठरवलेलं.

सुधारित चार्ट छापताना मला त्या खुणा टाकवेनात. माइलस्टोन म्हणून एकेक आत घातल्या. माइलस्टोन म्हणजे शून्य दिवसांचं काम, पट्टीच्या जागी पत्त्यांतल्यासारखा एक छोटा चौकट. सगळे बाण जोडल्यावर, शनिवार सुधारल्यावर, सुट्ट्या घातल्यावर ओसी १५ फेब्रुवारी २०२८ ला आली होती. काकूंचा चौकट आता हिरव्या पट्टीच्या डावीकडे.

त्या आता वारज्याला भाड्याने राहतात. प्रिंट घेऊन मी स्वतः गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोटाने ओळ धरली, चौकटापाशी थांबल्या, तिथून हिरव्या पट्टीपर्यंत बोट नेलं आणि परत आणलं.

"म्हणजे इथेच करायचं का हो?" त्या म्हणाल्या, आणि भाड्याच्या हॉलकडे एकदा बघून घेतलं.